वाचनालयातल्या त्या बैठकीबद्दल, सर, मनापासून आभार

आदरणीय सर,

सप्टेंबर 2019 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. आपल्या वसईत आनंदाबरोबर वादही घरोघरी शिरला. 'मराठीच्या व्यासपीठावर पाद्री कशाला?' असे मेसेज फिरले, आपल्या ख्रिस्ती लोकांकडूनही तितकीच कडवट उत्तरं गेली. एकाच जिन्यातले शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा तुम्ही दोन्हीकडच्यांना वाचनालयात बोलावलंत. त्याचे आभार आज जाहीरपणे मानतो आहे.

आधी विरोध करणाऱ्यांना बोलू दिलंत. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलंत, वाचून दाखवलंत आणि प्रत्येकाला विचारलंत, "बरोबर लिहिलंय ना? काही राहिलं?" एका काकांनी धर्मांतराचा मुद्दा दोनदा बदलायला लावला. तुम्ही खोडून पुन्हा लिहिलंत. बराच वेळ त्यातच गेला, पण तेवढ्यात चढलेले आवाज खाली आले.

मग तुमची पाळी आली. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सचं 1616 साली छापलेलं 'क्रिस्तपुराण', रेव्हरंड टिळकांची कविता, हे सगळं तुमच्या जिभेवर असतं. ते तुम्ही मागे ठेवलंत आणि सुरुवात केलीत गोव्याच्या इन्क्विझिशनपासून, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापासून. 1560 पासून तिथं धर्माच्या नावाखाली माणसांचा कसा छळ झाला, पोर्तुगीज अमलात देवळं कशी पाडली गेली, हे कुणी विचारायच्या आत तुम्ही, एका ख्रिस्ती माणसानं, सांगितलंत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्याचा अभिमान शेजाऱ्याला का वाटतो, तेही सांगितलंत. आपल्यातले काही जण त्यावर नाराज झाले. (अजूनही आहेत.) मला मात्र त्या संध्याकाळचं सगळ्यात धाडसाचं काम तेच वाटतं.

त्यामुळेच पुढचं तुम्ही ठणकावून बोलू शकलात. त्याच गोव्यात बसून स्टीफन्सनी मराठीत ओव्या रचल्या. पोर्तुगीजांच्या जुलमाचा हिशेब मराठीत लिहिणाऱ्या फादर दिब्रिटोंकडे मागता येणार नाही. आणि वसईची हिरवाई राखायच्या 'हरित वसई' लढ्यात ते ज्या विहिरी आणि वाड्या वाचवायला उभे राहिले, त्या काही एकट्या ख्रिस्ती लोकांच्या नव्हत्या. या निवडीवरून धमक्या देणाऱ्यांचा निषेधही तुम्ही केलात, स्पष्ट शब्दांत.

'शांती करणारे ते धन्य' हे प्रभूचं वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वाद नको, गप्प बसा, असं सांगणारी मोठी माणसं गावात पुष्कळ आहेत. तुम्ही कुणालाच गप्प बसवलं नाहीत, सर. आमच्या पिढीला याचाच सगळ्यात मोठा आधार वाटला.

त्या काकांचं मत आजही बदललेलं नाही. तुम्ही ते बदलायचा आग्रहही कधी धरला नाहीत. वाचनालयाचा वार्षिक हिशेब मात्र तुम्ही दोघं मिळूनच तपासता.

आपला,
धर्मग्रामातला एक विद्यार्थी