मधाचा रवा म्हणजे भेसळ नव्हे

महोदय,

गुहागरजवळ आमच्या आंबा-काजूच्या बागेत सातेरी या देशी मधमाश्यांच्या काही पेट्या आहेत. मध घरीच काढतो, ओळखीपाळखीत विकतो. थंडी पडली की हमखास फोन येतो, 'तळाशी रवा जमलाय, साखर घातलीत का?' मधातले ग्लुकोज थंडीत गोठते, एवढेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. गॅसवर मात्र ठेवू नये. मधात बुडवलेली काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब सोडूनही भेसळ ओळखता येत नाही. मुंबईचे पाहुणे हे प्रयोग हटकून करतात!

आमच्याकडे खरी अडचण ओलाव्याची. अन्न सुरक्षा मानकांनुसार मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त नको. पोळ्यातली घरे मेणाने बंद होण्याआधीच घाईने मध काढला, तर तो आंबतो. ओलावा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हातात मावतो, पण दोन-चार पेट्यांसाठी तो घेणार कोण? मध तपासून घ्यायचा तर राज्याचे मध संचालनालय महाबळेश्वरला. एका बाटलीसाठी घाट चढणे परवडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी, निदान हंगामात, मध तपासून मिळावा.

बागायतदारांनाही एक विनंती. मोहोर फुललेला असताना दिवसा कीटकनाशक फवारू नका. फवारायचेच तर सायंकाळी, माश्या पेटीत परतल्यावर. आदल्या दिवशी निरोप दिलात तर रातोरात पेट्या दुसरीकडे हलवता येतात.

– एक मधपाळ, ता. गुहागर, जि. रत्नागिरी