आईच्या पापण्यांसाठी

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला माझ्या पापण्यांवरचा रंग आवडला आणि बाबा लगेच म्हणाले, "तिलाही एक मागव, पैसे मी देतो." मी तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं. घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ती शार्लट टिलबरी या लंडनच्या ब्रँडची क्रीम आयशॅडो आहे. काचेची जड डबी, आत माल 7 मिलिलिटर, किंमत जवळपास 3,000 रुपये. बाबा, मिलिलिटरचा भाव काढाल तर सव्वाचारशेच्या वर जातो. पण हा हिशोब मिलिलिटरवर करू नका. एका वेळी दोन्ही पापण्यांना मिळून मुगाच्या डाळीएवढंही लागत नाही. ऑफिसचे अडीचशे दिवस लावली तर दिवसाला 12 रुपये पडतात. तीच डबी फक्त लग्नाकार्याला उघडली, वर्षातून सहा वेळा म्हणू, तर प्रत्येक वेळेचे 500 झाले. आणि "जपून वापरू, पुरवू" हे इथे चालत नाही. अशा डब्यांवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं, त्यात '6 एम' किंवा '12 एम' लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढ्या महिन्यांत संपवायची. शिवाय बऱ्याच क्रीम शॅडोंमध्ये उडून जाणारी द्रव्यं असतात. लावल्यावर ती उडतात, म्हणून रंग पापणीवर पक्का बसतो. झाकण सैल राहिलं तर तीच द्रव्यं डबीतूनही उडतात आणि क्रीम खडखडीत होते.

आता पैसे कशाचे, ते सांगते. बोट डबीत टेकवलं की क्रीम हलकी, गारसर लागते. पापणीवर फिरवली की पसरते, कडा आपोआप विरघळतात, ब्रश लागत नाही. सकाळी साडेआठला लावलेला रंग संध्याकाळी घरी आल्यावरही जागेवर असतो. मी घेतलेली शेड चॉकलेट ब्रॉन्झ आहे, तपकिरीत तांब्याची झाक. आपल्या गव्हाळ रंगावर ती जिवंत दिसते. फिकट, मोतिया शेड्स मात्र आपल्यावर पांढुरक्या दिसतात. माझ्यासाठी ती पैसे वसूल आहे, हे मनापासून सांगते. तरी डबी, खोका आणि नाव यांचेही पैसे आपणच भरतो. मॅकचे पेंट पॉट किंवा मेबलिनची कलर टॅटू या दुसऱ्या ब्रँडच्या क्रीम शॅडोंतही जवळपास तसंच काम होतं. फरक आहे तो लावतानाच्या मऊपणात आणि रंगाच्या खोलीत.

एक गोष्ट मला टोचते. आयशॅडोची चमक बहुतेक वेळा अभ्रकाची असते आणि झारखंडमध्ये कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात अभ्रक वेचायला लहान मुलं राबतात, हे कित्येक वर्षं छापून येतंय. डबी महाग आहे म्हणून आतलं अभ्रक स्वच्छ वाटेनेच आलं असेल, असं धरून चालता येत नाही.

आई, आता तुझ्याबद्दल. पापणीची कातडी अंगावरच्या कातडीत सगळ्यांत पातळ. वय वाढलं की तिथे बारीक सुरकुत्या येतात आणि कोरडी पावडर त्यांत जाऊन बसते. म्हणून तुला क्रीमच चांगली, तीही फार चमकणारी नको. चमक सुरकुती उठून दाखवते. तुला मॅट, मातकट गुलाबी छान दिसेल, खाली तुझं नेहमीचं काजळ. पेन्सिलसारखी स्टिक घेऊ, तुला ती धरायला सोपी. थर मात्र पातळच द्यायचा, जाड झाला की पापणीच्या घडीत साचतो.

तर माझं मत असं: बाबा, ही तीन हजारांची डबी आईसाठी घेऊ नका. पण आई, तू रोज लावणार असशील, भिशीला, वाचनालयात, भाजी आणायला जातानासुद्धा, तर मी एका पायावर घ्यायला तयार आहे, हीच किंवा याहून महाग. कपाटात ठेवून देणार असशील तर नको. तुझ्या कपाटातल्या नव्याकोऱ्या साड्या मला माहीत आहेत.

आणि हे सगळं डोळ्याच्या डॉक्टरांना विचारल्यावरच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झालेले नाहीत. ते "लावा" म्हणेपर्यंत काजळसुद्धा नको. बाबा, पुढच्या तपासणीला तुम्ही सोबत जाताय ना, तेव्हा आठवणीने विचारा. तिला विचारायला संकोच वाटेल. आणि आई, माझी डबी मी तुला वापरायला देणार नाही, राग मानू नकोस. डोळ्यांच्या वस्तू एकमेकींच्या वापरल्या की जंतू जातात.

मावशीकडच्या लग्नाच्या दोन दिवस आधी मी येतेच आहे. डॉक्टर हो म्हणाले तर लगेच कळवा, म्हणजे येताना दोन-तीन शेड्स बघून आणते.

तुमची,
मनू