कालप्रवास ही पळवाट नव्हे

महोदय,

कालप्रवासाच्या मालिकांना ‘पळवाट’ म्हणून हिणवणे मला पटत नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा १९६७ मधला एक भाग आठवतो. भविष्यातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचलेल्या, अंतराळयानाचा प्रमुख असलेल्या कॅप्टन कर्कचा जीव एका समाजसेविकेवर जडतो. पण ती अपघातातून वाचली, तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. तिला वाचवायला धावणाऱ्या डॉक्टर मित्रालाच कर्क घट्ट धरून ठेवतो! कालप्रवासाचे यंत्र कसे चालते, याच्याशी मला फारसे देणेघेणे नसते. ‘तेव्हा मी वेगळे वागलो असतो तर?’ हा प्रश्न कोणाला छळत नाही? आमच्या वडिलांना केलेला शेवटचा फोन मी घाईत ठेवला होता. तो भाग पाहताना मला तोच आठवतो.

– एक वाचक