आकडा विचारलास, म्हणून हे पत्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

मॅचसाठी नऊ मिलिमीटरची पिस्तुलाची काडतुसं तू घरीच भरायला शिकते आहेस. परवा तुझा निरोप आला, "बाबा, १२४ ग्रेनच्या प्लेटेड बुलेटला तुम्ही पावडर किती घालता? आकडा तेवढा सांगा, शनिवारी बसते." मी आकडा दिला नाही आणि तू रुसलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर आपण दोघंही घाईत असतो, म्हणून सावकाश लिहितो आहे. हा कागद काडतुसं भरायच्या प्रेसशेजारच्या भिंतीला लावून ठेव.

माझा आकडा माझ्या पिस्तुलाच्या बॅरलचा आहे. माझ्याकडच्या पावडरच्या (बारुदाच्या) डब्याचा, माझ्या प्रायमरचा (पावडर पेटवणाऱ्या टोपीचा), मी वापरतो त्या बुलेटच्या आकाराचा आणि ती मी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) जितकी खोल बसवतो त्या खोलीचा आहे. तिथे ॲरिझोनात तुझ्या टेबलावर यातली एकही गोष्ट तीच नाही. नऊ मिलिमीटरच्या काडतुसासाठी दाबाची ठरलेली कमाल मर्यादा आहे ३५,००० पौंड प्रति चौरस इंच. तुझ्या तळहातापासून दोन-तीन इंचांवर हे घडणार असतं. बापाने सांगितला म्हणून उचललेला आकडा तिथे चालत नाही. आकडा काडतुसं भरण्याच्या छापील मॅन्युअलमधून घ्यायचा, खालून सुरू करायचा आणि आपल्या बॅरलवर स्वतः चढवत न्यायचा.

ग्रेन हा वजनाच्या मापाचा शब्द तुला परका वाटतो, मला वाटत नाही. तुझ्या आजोबांच्या पेढीवर आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा होता, आणि इंग्रजी अमलात तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. म्हणजे एक गुंज दोन ग्रेनपेक्षाही थोडी कमी. आजोबांचा काटा काचेच्या पेटीत असायचा. पंखा लावलेला असेल तर ते आधी पंखा बंद करायला सांगत, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. तू ज्या पावडरीशी खेळणार आहेस तिथे ग्रेनचा दहावा हिस्सा मोजायचा असतो. तेव्हा पंखा बंद, एसीचा झोत काट्यावर नको, आणि बसण्याआधी प्रत्येक वेळी प्रमाण वजन ठेवून काटा खरा आहे ना ते बघायचं. वजनांचा एक लहान संच आजच पोस्टाने पाठवला आहे.

आता प्लेटेड बुलेटबद्दल. तू विचारलंस की दिसायला तांब्याचीच आहे, मग जॅकेटेड बुलेटसाठीचं पावडरचं कोष्टक का वापरायचं नाही. जॅकेटेड बुलेटला तांब्याच्या मिश्रधातूचं जाड कवच असतं. प्लेटेडमध्ये मऊ शिशाचा गाभा असतो आणि त्यावर विजेने चढवलेला तांब्याचा मुलामा. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात तेव्हा खालचं पातेलं पितळेचंच राहतं; इथेही आतली गोळी शिशाचीच आहे. ती जोरात ढकलली किंवा चेपली की मुलामा फाटतो. साध्या प्लेटेड बुलेटला बनवणारे बहुधा सेकंदाला सुमारे १,२५० फुटांची मर्यादा सांगतात. तुझ्या बुलेटच्या कारखान्याची मर्यादा त्यांच्याकडूनच बघून घे, कारण जाड मुलाम्याच्या बुलेटची वेगळी असते. त्या बुलेटसाठी छापलेली माहिती मिळाली तर तीच वापर. नाही मिळाली तर त्याच वजनाच्या शिशाच्या बुलेटचं कोष्टक, किंवा जॅकेटेडच्या कोष्टकातला खालचा ते मधला भाग. जॅकेटेडचा कमाल आकडा प्लेटेडला कधीच लावायचा नाही.

आणि तुला तो लागणारही नाही. तुमच्या मॅचमध्ये मायनर गटासाठी पॉवर फॅक्टर (काडतुसाच्या जोराचा आकडा) १२५ पुरतो. बुलेटचं वजन गुणिले वेग भागिले हजार. १२४ ग्रेनची बुलेट १,०१० फुटांनी गेली तरी १२५ भरतात. थोडी मोकळीक ठेवून १,०४० धर, म्हणजे १२९ च्या आसपास. हा वेग प्लेटेड बुलेटला मानवतो, हाताला कमी झटका देतो आणि नेमही चांगला लागतो. जोरदार काडतूस भरण्यात मला कधी मोठेपणा वाटला नाही.

क्रिंपबद्दल, म्हणजे केसचं तोंड शेवटी दाबण्याबद्दल, मात्र जरा थांबून वाच, कारण नव्या माणसाचा हात इथेच चुकतो. बुलेट बसावी म्हणून केसचं तोंड आपण आधी किंचित फुलवतो. प्लेटेडला ते पुरेसं फुलव, नाहीतर बुलेट आत जाताना तिची कड खरवडली जाते. बुलेट बसल्यावर टेपर क्रिंपचं काम एवढंच, की फुलवलेलं तोंड परत सरळ करणं. नऊ मिलिमीटरचं काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या ज्या भागात ते बसतं तिथे) केसच्या तोंडावर टेकतं, त्यामुळे ते तोंड आत दाबून टाकायचं नसतं. तोंडाशी माप ०.३७७ ते ०.३७८ इंच आलं की मी प्रेसमधल्या डायला (साच्याला) हात लावत नाही. मग एक काडतूस (न उडवलेलं, अर्थात) हातोडीसारख्या पुलरने ठोकून बुलेट बाहेर काढतो आणि भिंगाखाली बघतो. मुलाम्यावर गोल चीर उमटली असेल तर क्रिंप जास्त झाला. अशी चीर पडलेली बुलेट उडताना डळमळते, कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं, आणि कधी मुलामा सुटून बॅरलमध्येही राहतो.

लांबीही दुसऱ्याची घ्यायची नाही. कमाल लांबी १.१६९ इंच छापलेली असते, पण तुझ्या बुलेटचं नाक गोल आहे की चपटं, आणि तुझ्या बॅरलमधले आटे कुठून सुरू होतात, यावर खरी लांबी ठरते. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री कर, बॅरल काढून हातात घे आणि पावडर व प्रायमर नसलेलं नमुन्याचं काडतूस त्यात सोड. 'टप' असा आवाज करून ते आत पडलं, बोटाने गोल फिरलं आणि बॅरल उलटी करताच आपणहून बाहेर आलं, तर लांबी जमली. अडकलं तर बुलेट थोडी आत घे. पण जितकी आत घेशील तितकी पावडरची जागा कमी होते आणि दाब चढतो. नऊ मिलिमीटरच्या एवढ्याशा केसमध्ये हा फरक लहान नसतो. म्हणून आधी लांबी पक्की करायची आणि मग पावडरला हात घालायचा. तयार काडतुसाचं नाक टेबलाच्या लाकडी कडेवर अंगठ्याने दाबून पुन्हा माप. लांबी कमी झाली तर केसने बुलेट धरलेली नाही. ते काडतूस बाजूला काढ.

चढवण्याची रीत साधी आहे. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यावर दहा काडतुसं, मग दोन दशांश ग्रेन वाढवून दहा, कमालच्या जवळ आलीस तर एकेक दशांशाने. क्रोनोग्राफसमोर (वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर) उडव आणि प्रत्येक दहाचे वेग वहीत लिही. पिस्तुलाचा स्लाइड (वरचा सरकता भाग) नीट मागे येतो, नेम जमतो आणि पॉवर फॅक्टर भरतो, तिथे थांब. पुढे जायचं कारण उरत नाही. प्रायमर चपटा झाला का हे बघून दाब ओळखता येतो असं कोणी सांगेल, पण पिस्तुलात ती खूण उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला असतो त्यापेक्षा वेग जास्त दिसला, तर त्यावर विश्वास ठेव आणि मागे ये. बुलेट बदलली, प्रायमर बदलला किंवा पावडरचा नवा डबा फोडला, तर पुन्हा खालून.

आता तुला आजवर न सांगितलेलं सांगतो. आजोबा शेवटचे आजारी होते त्या दिवसांतली गोष्ट. रात्री गॅरेजमध्ये पन्नास रिकाम्या केस लावलेल्या फळीत पावडर घालत होतो आणि मधेच गावाकडून फोन आला. वीस मिनिटांनी परत येऊन बसलो, मन तिकडेच होतं, आणि फळीवर टॉर्च न मारता बुलेट बसवत गेलो. पुढच्या मॅचमध्ये एका गोळीला 'धाड' ऐवजी नुसतं 'फट्' झालं. त्या केसमध्ये पावडरच नव्हती. प्रायमरच्या एकट्याच्या जोराने बुलेट बॅरलमध्ये शिरून अडकली होती. सरावाने माझा हात स्लाइडवर गेला होता, ओढून पुढची गोळी झाडणारच होतो. रेंज ऑफिसर मागून ओरडला, "स्टॉप!" त्या माणसामुळे माझी बोटं शाबूत आहेत. घरी येऊन उरलेली सगळी काडतुसं एकेक करून फोडली. तुझ्या आईला हे आजच सांगतो आहे.

म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेव. कोणी हाक मारली, मन उडालं, तर फळीतल्या सगळ्या केस रिकाम्या करून पहिलीपासून सुरू कर. बुलेट बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून पावडरची पातळी बघ. पावडर अशी निवड की चुकून दोनदा पडली तर केसबाहेर सांडावी. काही जलद पावडरी इतक्या कमी लागतात की दुप्पट मात्राही गुपचूप आत मावते; त्या तू सध्या घेऊ नकोस. टेबलावर एका वेळी एकच डबा. आणि मॅचमध्ये आवाज हलका वाटला तर थांबायचं, घड्याळ चालू असलं तरी.

प्रायमर लावताना चष्मा हवाच. पितळ घासून निघालेल्या धुळीत शिसं असतं, तेव्हा टेबलाशी चहा नको आणि उठल्यावर हात साबणाने, थंड पाण्याने धू.

या शनिवारी पावडर उघडू नकोस. नुसती नमुन्याची पाच काडतुसं कर, बॅरलमध्ये टाकून बघ, एकाची बुलेट ओढून काढ आणि मुलाम्याचा जवळून घेतलेला फोटो मला पाठव. मॅन्युअलचं ते पान उघडून रविवारी सकाळी फोन कर, मीही माझं उघडून बसतो.

तुझा,
बाबा