रक्तपेढीत त्या रात्री थांबलेल्यांचे आभार

माझ्या धाकट्या बहिणीवर बेळगावात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सुरू असताना, ऐन गणेशोत्सवात तिच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, 10 हजारांच्या खाली उतरल्या (निरोगी माणसात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात) आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले. साठवलेल्या प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस टिकत असल्याने रक्तपेढीत साठा नव्हता.

निरोप मिळताच येळ्ळूरचा एक तरुण आला. परंतु दातदुखीवर आदल्या दिवशी अ‍ॅस्पिरिन घेतल्याचे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि ती गोळी प्लेटलेट्सचे काम मंदावत असल्यामुळे त्याला नकार द्यावा लागला. तो परतला असता तरी कोणी दोष दिला नसता. त्याने मात्र आपल्या मंडळातील मित्रांना आरती आटोपताच बोलावून घेतले. त्यांपैकी एकजण तासाहून अधिक काळ, रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढणाऱ्या यंत्राला जोडलेला पडून राहिला. कामाची पाळी संपूनही थांबलेल्या तंत्रज्ञ ताईंनी, त्याच्या ओठांना मुंग्या येताच यंत्राचा वेग कमी केला, आणि नंतर स्वतःच्या डब्यातील भाकरी-भाजी त्याला आग्रहाने वाढली.

बहिणीचे धैर्य आम्ही रोजच पाहत होतो. डॉक्टरांकडून आकडे न लपवता ऐकून ती स्वतः वहीत लिहीत असे. त्या रात्रीही, बोलण्याचे त्राण नसताना, ‘त्या दादांना घरी पोहोचल्यावर कळवायला सांगा’ एवढे तिने आवर्जून सांगितले.

आता ती घरी असून औषधे सुरू आहेत. पेट्रोलचेही पैसे न घेणाऱ्या त्या तरुणांचे आणि ताईंचे आम्हा कुटुंबीयांतर्फे मनःपूर्वक आभार.