सातशे कुलकणीर् आणि एक सेल

सांगली
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. कॉम्प्युटर गेला होता, तोही परत आला. फोनच करणार होतो, पण तू पहिल्या मिनिटात "मग मी काय सांगत होतो?" म्हणणार आणि मी फोन ठेवून देणार. मागच्या गणपतीत तेच झालं. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून लिहितोय.

तब्येत बरी. शुगर आहे तिथेच आहे, अर्ध्या गोळीची एक झाली एवढंच.

तर आपला तो काळ्या कॅबिनेटचा कॉम्प्युटर. 'आपला' म्हणतोय, तुझा की माझा हा वाद आज नको. तो अजून दुकानात आहे. ओंकार त्याला आजोबा म्हणतो. विंडोज एक्सपीच चालवतो मी त्यावर. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्येच त्याचं तेरावं घातलं, पण पानं जुळवायचा आपला पेजमेकर आणि प्रिंटरच्या पोर्टात खुपसलेलं, ज्याच्याशिवाय फॉन्ट चालत नाही ते लॉक घेऊन मी जाऊ कुठे? नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. नेट केव्हाच काढून टाकलंय, त्यामुळे म्हातारा बाहेरची हवा न लागता सुखात होता.

झालं काय, कुलवृत्तांतवाले आले. हो, तेच. दुसरी आवृत्ती काढतायत. अण्णा आता नाहीत, त्यांचा पुतण्या बघतो सगळं. माणूस बरा आहे, प्रुफावर तपकीर सांडत नाही. पण त्यांच्या अमेरिकेतल्या शाखेला मोबाइलवर नाव टाकलं की पान सापडायला हवंय. म्हणजे युनिकोड, कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरं. आपली ३४० पानं सगळी जुन्या फॉन्टात, फॉन्ट काढला की खाली नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भुतं. पुन्हा टाइप करायचं मनात आलं आणि तेव्हाचे ते अडीच महिने आठवले. तू 'शाखा चौथी'तला एक अख्खा दत्तक मुलगा गाळलास आणि अण्णा दुकानात येऊन रडले होते. (तूच गाळलास. मी त्या दिवशी मिरजेला होतो.)

म्हणून जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणारा, एका सीडीवरचा जुना कन्व्हर्टर मिळवला. परवा संध्याकाळी टाकला. शेवटी त्याने विचारलं, रीस्टार्ट करू? मी म्हटलं कर बाबा. मशीन बंद झालं आणि त्याच क्षणी लाइट गेली. वळवाचा पाऊस, कुठेतरी तार तुटली, चार तास नव्हती. यूपीएस अर्धा तास ओरडला आणि गप्प झाला.

लाइट आल्यावर बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, खाली 'एफ १ दाबा'. मी दाबला. वाचलं नाही, सुध्या. वाचलं असतं तर हे पत्र झालं नसतं. मग एक्सपीचं चित्र, खाली ती पट्टी तीनदा पळाली, निळं काहीतरी चमकलं आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू. पुन्हा पट्टी, पुन्हा निळं, पुन्हा पहिल्यापासून. रात्री दीडपर्यंत मी ते बघत बसलो होतो. ही दोनदा बोलवायला आली, तिसऱ्यांदा आली नाही.

शिव्या सगळ्या कन्व्हर्टरला घातल्या. टाकेपर्यंत चालू होतं, टाकल्यावर बंद, मग दुसरं कोण? एफ ८ दाबून सेफ मोड बघितला, ओळी भरभर खाली आल्या आणि पुन्हा निळं. 'शेवटचं चांगलं चाललेलं' तेही करून बघितलं. रॅम काढून खोडरबराने घासली, ते तर आपलं गंगाजल. हार्डडिस्कची वायर बदलली. काही नाही. दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीवाल्याकडे रिक्षात घालून नेला. त्याने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "काका, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल." मी पोर पळवून न्यावं तसा सीपीयू उचलून परत आणला.

आता माझी अवस्था फक्त तुला कळेल. डेटाची भीती नव्हती, 'आधी डेटा, मग डोकं' हे तुझं वाक्य मी विसरलेलो नाही. डिस्क काढून ओंकारच्या लॅपटॉपला जोडली आणि सगळं उतरवून घेतलं. डिस्क ठणठणीत. पण त्या फायली घेऊन करू काय? उघडायच्या कशात? पेजमेकर पुन्हा टाकायचा तर त्याची सीडी, फॉन्टाची सीडी, लॉकचा ड्रायव्हर, सगळं २०१९ च्या पुरात खालच्या कपाटात होतं. आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी होतं तेव्हा आपण दोघांनी हरभट रोडवरून पहिल्यांदा काय उचललं? हाच. तू म्हणालास माळ्यावर नको, तिथंही येईल, वर देशपांड्यांच्या गच्चीत नेऊ. जिन्यात तुझा पाय सरकला तरी तू हा सोडला नाहीस, गुडघा फोडून घेतलास. आणि पाणी उतरल्यावर, गाळ काढताना, त्यालाच भंगार म्हणालास. "हे भंगार टाक आणि चल पुण्याला." ते माझ्या डोक्यात बसलंय. पुण्याला चल म्हणालास त्याचं नाही. भंगार म्हणालास त्याचं.

असो. तिसरा दिवस. दुपारी ओंकार भडंग घेऊन आला. टेबलावर जागा नाही, सगळीकडे स्क्रू. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा तीन दिवस भिंतीला टेकवून ठेवलेला, आतली बाजू भिंतीकडे. त्याने तो मांडीवर आडवा घेतला, ताट म्हणून. भडंग ओतणार, तेवढ्यात म्हणतो, "मामा, हे काय चिकटवलंय?"

सेलोटेप पिवळी पडून पापडासारखी झालेली. खाली लग्नपत्रिकेच्या कार्डाचा तुकडा. वर तुझं अक्षर, ते डावीकडे कललेलं, डॉक्टरसुद्धा लाजेल असं:

'सेल बदलला / सेटिंग उडालं तर बायोसमध्ये साटा आयडीईवर करणे. एएचसीआय ठेवल्यास निळा येतो. आधी तारीख बघ.'

तारीख बघ! तीन दिवसांत मी तारीख बघितलीच नव्हती. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, गेलो तर म्हाताऱ्याच्या मते आज १ जानेवारी २००९. मला भर दुपारी घाम फुटला आणि मग हसू यायला लागलं. ओंकारला वाटलं मामाचं डोकं गेलं.

तुला सांगायला नको, पण मलाच लिहून बघायचंय, नाहीतर पुन्हा विसरेन. बोर्डावरचा तो रुपयाएवढा सेल कधीच मेला असणार. पण आपण मागचं बटण कधी बंद करतच नव्हतो, त्यामुळे सेटिंग भिंतीतल्या करंटवर जगत होतं. चार तास लाइट गेली, यूपीएसही झोपला, आणि बोर्ड सगळं विसरून कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेला. मूळ सेटिंग एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलायची नवी पद्धत; आयडीई ती जुनी. एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नाही, त्याला समोरची डिस्क दिसेना, म्हणून निळा. मी न वाचता एफ १ दाबला तेव्हा त्या दोन ओळी हेच सांगत होत्या. कन्व्हर्टर बिचारा सुरुवातसुद्धा करू शकला नव्हता, आणि मी तीन दिवस त्याच्या सात पिढ्यांचा कुलवृत्तांत काढत होतो.

घड्याळवाल्याकडून सेल आणला, सीआर २०३२, चाळीस रुपये. जुना त्याने मीटरला लावला, तीन व्होल्टच्या जागी सव्वाही भरेना. आयडीई केलं, एफ १० दाबला, आणि ती पट्टी पळत पळत गेली ती थेट आपल्या त्या गणपतीच्या वॉलपेपरवर. उरलेलं भडंग आम्ही पत्र्यावरच खाल्लं. चिठ्ठी झाकून.

आता पुढची गंमत. कन्व्हर्टर चालवला. पहिलं पान उघडलं आणि सबंध घराण्याचे 'कुलकणीर्' झालेले. एक नाही, सातशे. 'कीर्ती'ची 'कीतीर्'. 'धर्माधिकारी' सासुरवाडीचे 'धमार्धिकारी'. 'धर्म' मात्र जागेवर. जुन्या फॉन्टात रफार काना-वेलांटी झाल्यावर शेवटी टोपी घालावी तसा टाकायचो ना आपण, आणि युनिकोडला तो अक्षराच्या आधी लागतो. जिथे काना-मात्रा नाही तिथे बरोबर बसतो, जिथे आहे तिथे घसरून मागे पडतो. 'णीर्' शोधून 'र्णी' केलं, सातशे कुलकर्णी एका दमात माणसांत आले. बाकीचे एकेक करून हाताने सोडवतोय. पुतण्याला पंधरा दिवस सांगितलेत. अण्णा असते तर चार दिवसांत दारात उभे राहिले असते.

आणि हो, 'शाखा चौथी'तला तो दत्तक मुलगा या वेळी आहे. पहिल्यांदा तेच बघितलं.

तुझं काय? धाकटीची दहावी झाली ना या वर्षी? मार्क कळव, ही विचारत होती. वहिनींची बदली होणार होती त्याचं काय झालं? चिंचवडचं ते ऑफसेट युनिट अजून दोन पाळ्यांत चालतं का? काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या हातच्या शेंगाच्या पोळीची आठवण येते असं सांग, म्हणजे पाठवतील. गुडघ्याचं बघ. तो जिन्यातलाच असणार, वयाचा नाही.

दिवाळीला ये. आलास तर भंगार तुला चालू करून दाखवतो.

तुझा
बापू

ता. क. : चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ आहे. 'रॅम १ जीबी, निम्मे ४५०, बापूकडून येणे.' हे मी दिले होते. दिवाळी अंकाचं बिल आलं त्या संध्याकाळी, चहाच्या गाड्यावर, तुझ्या हातात. तू नाही म्हणायचास, मी हो म्हणायचो, आणि त्यावरून आपण एक अख्खा मार्च बोललो नव्हतो. पण आता तुझं ते अक्षर बघितल्यापासून मला नीट आठवेनासं झालंय. ओंकारच्या फोनवरून ४५० पाठवतोय. नंबर तोच आहे का, ते कळव.