ड्युटी तीच, रकाने वेगळे

मा. संपादक,

2025च्या अर्थसंकल्पानंतर परदेशातून येणाऱ्या गाड्यांवरच्या आयात शुल्काबद्दल ‘आलिशान गाड्यांची ड्युटी 70 टक्क्यांवर’ अशा बातम्या झळकल्या, तेव्हापासून हे पत्र लिहायचं राहून जात होतं. न्हावाशेव्यात आयात माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे बिल ऑफ एंट्री, म्हणजे त्या मालाचे सीमाशुल्काचे कागद भरण्यात माझी 29 वर्षं गेली. कंटेनर उघडला की आत पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, चाकं पट्ट्यांनी जखडलेली गाडी दिसायची. माझं लक्ष मात्र हातातल्या कागदावरच्या रकान्यांवर असायचं. बातमी वाचतानाही सवयीने तेच झालं.

40 हजार डॉलरच्या वरच्या, पूर्ण तयार होऊन येणाऱ्या गाडीवर आधी 100 टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार होता, म्हणजे 110. त्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क 70 झालं, अधिभार गेला आणि 40 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आला. बेरीज पुन्हा 110! 50 लाखांची पेट्रोल गाडी धक्क्यावर उतरली की 55 लाख ड्युटी. वर त्या 1 कोटी 5 लाखांवर जीएसटी, जो सप्टेंबर 2025पासून 40 टक्के आहे, म्हणजे आणखी 42 लाख.

बदललं ते वेगळंच. केंद्राच्या करांतून राज्यांना जो 41 टक्के वाटा मिळतो, त्यात उपकर आणि अधिभार धरत नाहीत. आधी शंभरातला वाटा निघायचा, आता सत्तरातला. अशा गाड्या येतात मोजक्याच, त्यामुळे महाराष्ट्राचं फार बुडालं असं नाही. पण ग्राहकाला कपात दाखवली आणि कात्री राज्यांच्या वाट्याला लागली, हे कुठे छापून आलेलं मी तरी वाचलं नाही.

आकड्यांची अशी मोडतोड आता शोरूममध्येही शिकलेत. माझा भाचा पनवेलहून बेलापूरला नोकरीला जातो. त्याला विजेवरची गाडी दाखवली, किंमत 10 लाखांच्या आत. बॅटरी मात्र भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट घेतली तर साडेतीन लाख जास्त. ‘मामा, लाखभर किलोमीटर होईपर्यंत आपला फायदाच ना?’ हिशोब चोख होता. पण भाड्याच्या कागदाच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं : महिन्याला किमान 1500 किलोमीटरचं भाडं भरावंच लागेल. म्हणजे 5250 रुपये. त्याचं जाणं-येणं धरून महिन्याला जेमतेम 720 किलोमीटर होतात. किलोमीटरला सव्वासात रुपये पडले, चार्जिंगचे वेगळे. त्याच्या जुन्या पेट्रोल गाडीलाही साधारण तेवढेच लागतात. ते कलम वाचायला त्याने माझाच चष्मा मागून घेतला. सेल्समनने ते आपणहून सांगितलं नव्हतं, आणि विचारल्यावर म्हणाला, ‘सर, स्टँडर्ड आहे.’

एकच विनंती. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीची बातमी देताना उपकर आणि अधिभार मिळवून एकूण आकडा मथळ्यात छापावा. आणि गाडीच्या जाहिरातीत किंमत जेवढ्या अक्षरात असते, तेवढ्याच अक्षरात किमान किलोमीटरही छापायला लावावेत.

— एक निवृत्त क्लिअरिंग कारकून, उरण